नवी रायफल निवडताना: खारा वारा आणि 200 बारचा दाब

2 डिसेंबर

जुनी स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल एवढा पावसाळा काढेल, असं मी जूनमधल्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं. नाही काढला. गणपतीनंतर पेटी उघडली तर नळीवर माझा स्वतःचा अंगठा उमटलेला. तांबूस, आणि रेषान् रेष मोजता येईल इतका स्पष्ट. जुलैत शेवटचे दहा बार काढले, घामेजल्या हातानं ती तशीच फोमच्या पेटीत झोपवली आणि वर कुलूप लावलं. सिंधुदुर्गात, आचर्‍याला आमच्या घरात रात्री समुद्राची गाज ऐकू येते. म्हणजे हवेत काय काय असतं ते सांगायला नको. तो फोम दोन महिने ओल्या फडक्यासारखा नळीला बिलगून होता.

गंज घासून काढला. पण ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा गंजरोधक थर, गेलं आणि नळीच्या तोंडापाशी बारीक खड्डे राहिले. स्प्रिंगही थकली आहे. तेव्हा नवी घ्यायचीच. बजेट पस्तीस हजार, त्यात दुर्बीण नको, माशीवरच, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवरच, नेम धरायचा.

7 डिसेंबर

पुण्यातल्या दोघा-तिघांनी विचारलं, "सेमी-ऑटो का बघत नाहीस?" सेमी-ऑटो म्हणजे एक बार काढला की पुढची गोळी आपोआप चढते ती. परदेशातले व्हिडिओ बघून हा किडा सगळ्यांच्याच डोक्यात शिरतो, माझ्याही शिरला होता. काडतुसाच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचा विषय आपल्याकडे एका ओळीत संपतो. 2016 च्या शस्त्र नियमांत त्या निर्बंधित वर्गात आहेत, साध्या परवान्यावर मिळत नाहीत. कोकणात बागायतदारांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका असतात, त्यातल्या कित्येक अजून ठासणीच्या. तो विषयच वेगळा. आपल्यासारख्या हौशी माणसाला मोकळी वाट आहे ती एअर रायफलची: 0.177 इंच म्हणजे 4.5 मिमी बोर (नळीचा आतला व्यास) आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा, एवढ्यात राहिलं की परवाना लागत नाही.

हवेवरच्या सेमी-ऑटोही असतात. स्वीडनच्या एफएक्स कंपनीनं तशी एक काढली होती, नाव मान्सून! तिला आमच्याकडचा जुलै दाखवावासा वाटला. अशा रायफलीत पुढचा छर्रा चढवायलाही हवाच खर्ची पडते. एकदा भरलं की बार कमी निघतात आणि आत रबरी रिंगा जास्त, म्हणजे हवा गळायच्या जागाही जास्त. शिवाय भराभर चाप ओढून मी सुधारणार आहे का? ऑलिम्पिकच्या रायफली एकेक गोळी हातानं भरायच्याच असतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं) कांस्य घेतलं ते एकबारी रायफलीवरच. मी यादीतून सेमी-ऑटो खोडली. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.

14 डिसेंबर

आता उरले दोनच प्रकार: पुन्हा स्प्रिंग, किंवा पीसीपी, म्हणजे नळीखालच्या सिलिंडरमध्ये आधीच हवा भरून ठेवायची ती.

स्प्रिंगचं मोठं सुख म्हणजे तिला बाहेरून काही लागत नाही. नळी मोडा, छर्रा बसवा, नळी मिटा, बार काढा. तिचा वैताग मात्र नव्या मंडळींनी समजून घ्यावा. चाप ओढल्यावर आतला दट्ट्या पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे ढकलली जाते, आणि दट्ट्या टोकाला आदळला की पुढे. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच हा धक्का सुरू झालेला असतो. त्यामुळे ती घट्ट आवळून धरली की नेम बिघडतो. पुढचा हात उघड्या तळव्यावर नुसता आधाराला ठेवायचा आणि रायफलीला उडायचं तसं उडू द्यायचं. हे अंगात मुरायला मला एक वर्ष लागलं.

दुसरा वैताग आमच्या किनार्‍याचा. गंजाच्या धास्तीनं माणूस तेल जास्त घालतो. पहिल्या वर्षी मी शहाण्यानं घरातलं खोबरेल घातलं होतं. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरच्या सकाळी दट्ट्या गुळाच्या काकवीतून चालल्यासारखा चालला. ऊन चढल्यावर तेच तेल पातळ होऊन दट्ट्यापुढे उतरलं आणि पहिल्याच बाराला फटाक्यासारखा आवाज झाला. नळीतून धूर, आणि वास थेट वडे तळल्याचा. हवा झटक्यात दाबली गेली की इतकी तापते की तेल पेटतं. डिझेल इंजिनात होतं तेच. दट्ट्याचं सील त्या दिवशी करपलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "काय तळतंस रे?"

21 डिसेंबर

कुडाळच्या मित्रानं त्याची एकबारी पीसीपी आठ दिवस वापरायला दिली.

आमची रेंज म्हणजे ओटीच्या पायरीपासून खळ्याच्या पलीकडच्या गडग्यापर्यंत, टेप लावून बरोबर 10 मीटर. मागे जांभ्याची भिंत आहे, पण नुसत्या चिर्‍यावर नेम धरू नये, छर्रा उसळू शकतो. म्हणून हापूसची लाकडी पेटी घेतली, आत जुन्या साड्या-धोतरांच्या चिंध्या ठासून भरल्या, मागे जाड लोखंडी पत्रा लावला. छर्रे चिंध्यांतच राहतात. महिन्यानं झाडून काढायचे आणि हात साबणानं धुवायचे, शिसं आहे ते.

बसून, टेबलावर कोपर टेकवून, दोन्ही रायफलींनी पाच-पाच बारांचे पाच गट काढले आणि प्रत्येक गटातली भोकं किती पसरली ते व्हर्नियरनं मोजलं. जुन्या स्प्रिंगचा सरासरी गट 17 मिमी. पीसीपीचा 7. उभ्यानं फरक कमी झाला, कारण तिथे हलणारा मी असतो. दहा मीटरच्या कागदावर नऊचं वर्तुळ साडेपाच मिमी व्यासाचं आणि मधला दहाचा ठिपका अर्धा मिमीचा. पीसीपीत धक्काच नसल्यामुळे चाप सुटल्यावरही माशी जागेवर दिसते, आणि चूक कुणाची ते लगेच कळतं. स्प्रिंगवर निदान रायफलीला दोष देता यायचा.

शेजारचे काका गडग्यावरून बघत होते. "ह्येच्यान माकडा मरतली काय रे?" मी म्हटलं, "काकानू, कागद मरता फक्त." हे प्रत्येक गावात विचारतात. त्यांचं नारळाचं नुकसान खरं आहे, पण जनावर छर्र्यानं मरत नाही, कुजतं. आणि 1972 चा वन्यजीव कायदा आहेच.

28 डिसेंबर

म्हणजे पीसीपी. पण हवा कुठून आणायची? या प्रश्नावर आठवडा गेला.

मित्राकडे हातपंप आहे, सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ. रिकाम्या सिलिंडरला 200 बारपर्यंत (हा बार दाब मोजायचा, गोळीचा नव्हे) न्यायचं तर शंभरावर हात मारावे लागतात आणि शेवटच्या वीसांना अंगाचं सगळं वजन टाकावं लागतं. व्यायाम म्हणून ठीक आहे. खरी अडचण पाण्याची. तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के दमटपणा असताना एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी असतं. 200 मिलीच्या सिलिंडरमध्ये 200 बार भरायचे म्हणजे बाहेरची 40 लिटर हवा आत कोंबायची. तिच्यात जवळपास एक ग्रॅम पाणी आलं. बरंचसं पंपातच थेंब होऊन बसतं, पण उरलेलं आत जातं आणि तिथे पोलादाशी त्याची गाठ पडते. मित्रानं पंपाच्या तळचा स्क्रू उघडून दाखवला: टिश्यू पेपरवर पांढरट, दह्याच्या निवळीसारखं पाणी. ग्रीस आणि घाम, तो म्हणाला. घाम हवेचा. ओल शोषणार्‍या सिलिका जेलच्या मण्यांची नळी लावली तर फरक पडतो, पण आमच्याकडे ते मणी दोन भरण्यांत रंग बदलतात. मग तव्यावर भाजत बसा.

कोणीतरी वेल्डिंगवाल्याकडचा सिलिंडर सुचवला. नको! ऑक्सिजन असेल आणि आत तेलाचा अंश असेल तर स्फोट होईल. पीसीपीत कोरडी हवाच भरायची, दुसरं काही नाही.

उत्तर शेवटी तारकर्लीत मिळालं, आणि ते आधी सुचलं नाही म्हणून स्वतःलाच चार शब्द ऐकवले. माझा वर्गमित्र स्कूबावाल्यांकडे काम करतो. पाणबुड्याच्या टाकीतली हवा फिल्टरमधून कोरडी करूनच भरलेली असते आणि टाकी साधारण 200 बारचीच. 11 लिटरची टाकी, रायफल 120 पासून 200 पर्यंत भरायची तर लागते 16 लिटर हवा. म्हणजे टाकीतले जेमतेम दीड बार गेले. टाकी 150 वर येईपर्यंत तीस-पस्तीस वेळा भरून होतं. फक्त शेवटीशेवटी रायफल 200 ला न पोचता 150-160 वरच थांबते. जोडायला वेगळा अडॅप्टर लागतो, दाब सोडायच्या स्क्रूसकट. आणि वॉल्व्ह अगदी हळू उघडायचा. घाईनं भरलं की सिलिंडर तापतो आणि निवल्यावर दाबाचा काटा खाली येतो.

11 जानेवारी

घेतली. देशी बनावटीची एकबारी पीसीपी, 0.177, छर्रा ठेवायला सपाट ट्रे. मॅगझिन मुद्दाम घेतलं नाही. लाकडी दस्ता देखणा होता, पण लाकूड पावसात फुगतं आणि स्क्रू सैल पडतात, म्हणून सिंथेटिक. दुकानदारानं ओळखपत्राची प्रत घेतली. बिलाची एक प्रत मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. एसटीनं नेताना कोणी विचारलं तर शोधाशोध नको.

छर्रे चपट्या तोंडाचे, कागदावर गोल स्वच्छ भोक पाडणारे. सोनाराच्या काट्यावर एक डबा तोलला. लेबलवर 0.53 ग्रॅम, निघाले 0.51 ते 0.55. टोकाचे वेगळे काढून काजूच्या डब्यात सरावाला ठेवले. सोनारानं "चांदी हा काय?" म्हणून विचारलं.

8 फेब्रुवारी

एका भरणीत चाळीसेक बार एकसारखे जातात, नंतर छर्रे खाली पडायला लागतात. काटा 120 वर आला की थांबायचं.

उभ्यानं दहा-दहा बारांच्या मालिका, शंभरपैकी: 78, 81, 80, 84, 79, 86. डिसेंबरात स्प्रिंगवर 72 च्या वर क्वचित जात होतो. डावीकडे वर, दहा वाजण्याच्या दिशेला छर्रे जातायत सारखे. चापावरचं बोट चुकत असावं. कोणी बघितलंय असं?

ठेवायची जागा बदलली. पेटी फक्त प्रवासाला. घरात लाकडी कपाट, आत खाली पंधरा वॉटचा जुना पिवळा बल्ब चोवीस तास चालू, आई पापड ठेवते त्याच कपाटाचा वरचा कप्पा. बार काढून झाले की नळी बाहेरून तेलाच्या फडक्यानं पुसायची आणि पुसल्यावर बोट लावायचं नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडे, पापडांसाठी आईला माझी वाट बघावी लागते. यावरून रोज बोलणी खातो.

एकच गोष्ट राहिली. मेअखेर समुद्रातलं डायव्हिंग बंद होतं ते ऑगस्टअखेरपर्यंत, कंप्रेसरही बंद. वर्गमित्र म्हणतो, त्या दिवसांत टाक्या नुसत्या पडूनच असतात, तारीख बघून टेस्ट झालेली एक भरून देतो. चौदा आठवडे, तीस-पस्तीस भरण्या. बदल्यात त्याला रविवारी दहा बार काढू द्यायचे. मागच्या रविवारी पहिल्यांदाच रायफल हातात धरून त्यानं 83 काढले. पाण्याखाली संथ श्वास घेऊन घेऊन सवय आहे म्हणाला.