आमची वाटचाल : वाऱ्याच्या नकाशापासून सबस्टेशनच्या नकाशापर्यंत

साताऱ्यात आम्ही नकाशाचं ऑफिस थाटलं तेव्हा पवनचक्क्यांची धामधूम होती. वनकुसवडेचं पठार, चाळकेवाडी, ठोसेघरच्या वरचे सडे, सगळीकडे 350 किलोवॉटची यंत्रं उभी राहत होती. मला संगणकावर नकाशा करता येत होता आणि नानांना जमीन वाचता येत होती. नाना म्हणजे माझे पहिले भागीदार. भूमी अभिलेख खात्यातून निमतानदार, म्हणजे जमिनीची मोजणी तपासणारे अधिकारी, म्हणून निवृत्त झालेले. गटबुक, टिपण, क-प्रत, प्लेन टेबल हे त्यांचं जग. त्यांच्यासोबत रानोमाळ फिरून मी जे शिकलो ते कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

एकच उदाहरण देतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे भूभागाचे नकाशे, एव्हरेस्ट 1830 या डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायच्या पायावर) आहेत आणि जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस 84 वर. आमच्या भागात दोन्हींत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. सड्याच्या कडेला शंभर मीटर म्हणजे शेजाऱ्याचा गट, नाहीतर वनखात्याची हद्द. नाना आधी टोपोशीटवरची देवळं, ओढ्यांचे संगम, जुन्या रस्त्यांचे तिठे अशा न हलणाऱ्या खुणा निवडायचे. प्रत्येक ठिकाणी स्वतः उभं राहून गार्मिनच्या जीपीएस यंत्राचं रीडिंग घ्यायचं, फरक काढायचा आणि मगच गावनकाशा त्यावर बसवायचा. आमच्या नकाशावरून उभं राहिलेलं एकही यंत्र हद्दीच्या वादात अडकलं नाही.

त्या काळात नकाशावरच्या रंगावर पैसा ठरायचा. राज्य वीज नियामक आयोगाने पवनऊर्जेचा दर 2010 पासून झोनप्रमाणे ठरवला. 50 मीटर उंचीवर वाऱ्याची शक्ती चौरस मीटरला 200 ते 250 वॉट असेल तर पहिला झोन, 400 च्या वर गेली तर चौथा. वारा कमी तिथे दर जास्त. त्याच वर्षी चेन्नईच्या पवनऊर्जा केंद्राचा देशाचा पवन अॅटलास आला. तो पाच किलोमीटरच्या चौकटींचा होता. एका चौकटीत वनकुसवडेचं पठारही यायचं आणि खालचं कोयनेचं खोरंही. नुसत्या अॅटलासवर जागा घेणाऱ्यांना आम्ही जीव तोडून सांगायचो, की वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाने बदलते. वेग दहा टक्के जास्त धरला तर शक्ती तेहतीस टक्के जास्त दिसते. कार्टोसॅट उपग्रहाचा उंचीचा डेटा लावून आम्ही कडा, खिंडी आणि उतार वेगळे काढून द्यायचो. शेवटचा निवाडा मात्र मास्टवरच्या, म्हणजे जागेवर उभारलेल्या उंच खांबावरच्या, वेगमापकाचा, हे प्रत्येक रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असायचं.

इचलकरंजीचे एक सूतगिरणीवाले शेठ आमचे सुरुवातीपासूनचे गिऱ्हाईक. करात घसाऱ्याची सवलत मिळते म्हणून त्या काळी बऱ्याच गिरणीवाल्यांनी पवनचक्क्या घेतल्या, पण शेठ प्रत्येक जागेवर स्वतः यायचे. पहिल्या भेटीत मी रंगीत प्रिंट टेबलावर पसरली, तर म्हणाले, "साहेब, मला नकाशा भितीला लावायचा न्हाय, त्यावर पैसं लावायचं हायत. ह्यातलं तुम्ही बघितलेलं कुठलं आन् नुसतं मशीननं सांगितलेलं कुठलं, तेवढं दाखवा." त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक नकाशात पाहिलेलं ठळक रेषेत आणि अंदाजाने धरलेलं तुटक रेषेत असतं.

मधल्या वर्षांत काम चांगलं चाललं, माणसं वाढली, स्वतःची जागा झाली. मग 2017 आलं.

फेब्रुवारी 2017 मध्ये पवनऊर्जेचा पहिला देशपातळीवरचा लिलाव झाला आणि दर युनिटला 3 रुपये 46 पैशांवर आला. ठरलेल्या दरावर दोन-चार यंत्रं लावणारा छोटा गुंतवणूकदार त्याच दिवशी संपला. मोठ्या कंपन्या गुजरात, तामिळनाडूकडे वळल्या. आमच्या ऑर्डरी थांबल्या, झालेल्या कामांची बिलं अडकली. पोरांचे पगार द्यायला मी ऑफिसवर कर्ज काढलं. नानांनी त्या वर्षी एक रुपया उचलला नाही.

त्यातच दुसरा घाव बसला. त्याच वर्षी जागतिक बँकेने ग्लोबल सोलर अॅटलास, म्हणजे जगभरच्या उन्हाचा नकाशा, सगळ्यांना फुकट खुला केला. आम्हाला आनंदच झाला, कारण चांगला डेटा खुला व्हावा हीच आमची भूमिका. पण शहरातल्या एका फर्मने त्याच अॅटलासचे रंगीत कागद छापून, गुळगुळीत फाईल करून आमच्या पाव किमतीत विकायला सुरुवात केली. आमची दहा वर्षांची गिऱ्हाइकं तिकडे गेली. तेही एक वेळ मी सोसलं असतं.

पुढच्या वर्षी एका कंत्राटदाराने जत भागातल्या सोलरच्या जागेसाठी त्या फर्मची फाईल तपासायला आमच्याकडे पाठवली. नकाशातला सबस्टेशनचा (वीज उपकेंद्रांचा) थर उघडला, अॅट्रिब्यूट टेबल म्हणजे त्यामागचा माहितीचा तक्ता पाहिला आणि मी खुर्चीतून उठलो. शेवटच्या रकान्याचं नाव होतं नाना_शेरा. शेपफाईल या नकाशाच्या फाईलप्रकारात रकान्याचं नाव दहा अक्षरांहून मोठं चालत नाही, म्हणून रोमन लिपीत बरोबर दहा अक्षरांत बसेल असं ते नाव मीच ठेवलेलं. आणि त्याखाली नानांचे शेरे जसेच्या तसे. "मागे ओढा, पावसात गाडी जात नाही." "ट्रान्सफॉर्मर जुना, ऑपरेटरला विचारणे." "लाइनखाली द्राक्षबाग, मालक वाट देत नाही." नानांनी मोटरसायकलवरून सबस्टेशन पालथी घालून, तिथल्या ऑपरेटरांबरोबर चहा पिऊन जमवलेली ती माहिती. त्या फर्मने काय बदललं असेल तर सर्व्हेच्या तारखेचा रकाना तेवढा काढून टाकलेला.

वकिलाचा खर्च झेपला नाही. त्या फर्मला मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. ती फाईल अजून बाजारात फिरते आहे. तारीख नसल्यामुळे लोक तिला आजची समजतात, आणि मधल्या काळात किती तरी ठिकाणी ट्रान्सफॉर्मर बदलले, नवी सबस्टेशन झाली. चोरीचं दुःख आहेच, पण तारीख पुसली याचा राग त्याहून जास्त आहे.

आम्ही तगलो ते शेठमुळे. गिरणीसाठी सोलर घ्यायचं ठरवलं तेव्हा तीन तालुक्यांतल्या जागांचं काम त्यांनी आम्हाला दिलं, निम्मे पैसे आगाऊ. मग शेतीला सौरवीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जोरात सुरू झाली. योजनेच्या 2.0 या दुसऱ्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वार्षिक भाडं आलं आणि सबस्टेशनपासून जमीन किती लांब, हा गावोगावचा प्रश्न झाला. नानांचा थर पुन्हा कामाला आला. या वेळी ताजा करून, तारखेसकट.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलांना चार गोष्टी सांगतो. आज डेटाची चैन आहे. ग्लोबल विंड अॅटलास 250 मीटरच्या चौकटीत मिळतो, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर उंचीचा डेटा आहे, राज्याच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर गटांच्या हद्दी दिसतात. नीती आयोगाने इस्रोच्या मदतीने ऑक्टोबर 2021 मध्ये देशाचा ऊर्जा नकाशा काढला. वीजकेंद्रं, कोळसा, तेल, रिफायनऱ्या, सगळं एका पडद्यावर. देशाचं चित्र समजून घ्यायला तो उत्तम आहे, पण गट नंबर ठरवायला तो वापरू नका, तो त्यासाठी केलेलाच नाही. वाऱ्याचा कुठलाही आकडा घेताना आधी उंची विचारा. देशाची पवनक्षमता 100 मीटरवर 302 गिगावॉट आणि 120 मीटरवर 695 गिगावॉट सांगितली जाते. दोन्ही आकडे सरकारीच आहेत. सबस्टेशनवर किती क्षमता शिल्लक आहे हे नकाशावर शोधत बसू नका, तिथल्या अभियंत्याला जाऊन भेटा. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे आणि पुरेसं आहे. आणि अॅटलासच्या प्रत्येक रंगामागे कुणीतरी घेतलेली रीडिंग असतात. पुण्याच्या वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणींनी सौरकिरण मोजायची उपकरणं देशातच घडवली, 1957-58 मध्ये केंद्रांचं जाळं उभं केलं. ते काम माहीत असलं की माणूस तारखेचा रकाना पुसायला धजत नाही.

सध्या आमच्या हातात जुन्या पवनचक्क्यांच्या जागी मोठी यंत्रं बसवण्याचं काम आहे. मोठ्या पात्यांच्या यंत्रांना एकमेकांपासून जास्त अंतर लागतं, त्यामुळे पठारावरची मांडणी नव्याने करावी लागते आणि प्रत्येक जुन्या पायाची खरी जागा कळावी लागते. त्या वेळचे बरेच आराखडे एव्हरेस्टवरच काढलेले आहेत. नाना आता पठारावर येत नाहीत, ऑफिसात बसून तेच आराखडे तपासतात. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या त्या काळातले मोजणीचे कागद, यंत्रांच्या जागांचे आराखडे किंवा मास्टची रीडिंग कुणाकडे पडून असतील तर साताऱ्याच्या ऑफिसात आणून दाखवा. स्कॅन करून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ आणि नकाशावर तुमचं नाव तारखेसकट घालू.