केमो चालू असताना घरात आलेल्या बाटल्या

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि पहिल्या केमोआधीच घरात बाटल्यांची रांग लागली. मामांनी गुळवेल सत्त्व आणलं, शेजारच्या काकूंनी लक्ष्मणफळाच्या गोळ्या, नवऱ्याच्या मित्राने अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल. जाऊबाईंनी तर गॅलरीत ट्रे मांडून गव्हांकुर पेरले. सगळं जिवापाड मायेने आलेलं. त्यामुळे नाही कसं म्हणायचं, हेच सगळ्यात अवघड होतं.

‘आयुर्वेदिक काही घेतलं तर चालेल ना?’ असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच मिळतं. म्हणून सगळ्या बाटल्या पिशवीत घालून ओपीडीत नेल्या आणि टेबलावर मांडल्या. डॉक्टर मागची बारीक अक्षरं वाचत बसले. हळदीच्या कॅप्सूलमध्ये काळ्या मिरीचा अर्कही होता, ते आम्हाला तिथेच कळलं.

आधी अँटिऑक्सिडंट बाजूला गेल्या. लाल केमोसारखी (लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन) औषधं काही अंशी पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण आणूनच काम करतात. त्याच वेळी तो ताण कमी करणारं काही घेतलं तर औषधाचा जोर कमी व्हायची भीती. स्तनाच्या कॅन्सरवरचा एक अमेरिकन अभ्यास 2020 साली आला. त्यात केमोआधी आणि केमोदरम्यान अशा गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. ‘हा पक्का पुरावा नाही, पण कशाला धोका पत्करायचा?’ असं डॉक्टर म्हणाले, आणि मला ते पटलं.

गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. केमोत यकृतावर आधीच भार असतो, म्हणून तीही नको. लक्ष्मणफळाने प्रयोगशाळेत पेशी मेल्या म्हणून माणसाचा आजार बरा होतो, असं नाही. गव्हांकुराचा कच्चा रस पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना जंतुसंसर्गाला आमंत्रण ठरू शकतो. हळदीच्या कॅप्सूलही नकोत, भाजी-आमटीतली हळद मात्र खुशाल खा म्हणाले.

व्हिटॅमिन डी तपासणीत कमी निघालं, ते त्यांनी स्वतःच लिहून दिलं. आहारतज्ज्ञ ताईंचा सगळा भर प्रथिनांवर होता: अंडी, डाळ, पनीर, घशाखाली उतरेना तरच पावडर.

मामा दुखावले. ‘अगं, झाडपाल्याने कधी अपाय होतो का?’ म्हणून पुढच्या वेळी त्यांनाच सोबत नेलं. त्यांनी डॉक्टरांना मनात येईल ते सगळं विचारलं. माझ्या तोंडून जे त्यांना पटत नव्हतं, ते तिथे पटलं. घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांसमोर बसवा, असं मी आता प्रत्येकीला सांगते.

केमो संपून टॅमॉक्सिफेन ही हार्मोनला अडवणारी गोळी सुरू झाल्यावर तीच यादी मी पुन्हा दाखवली, कारण औषध बदललं की उत्तरही बदलू शकतं. हळदीच्या कॅप्सूलना यावेळीही नकारच मिळाला: हळदीचा अर्क मिरीसोबत घेतला की रक्तातला टॅमॉक्सिफेनचा प्रभावी अंश घटतो, असं नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात आढळलंय.