नूतच्या पंखांखालची पहिली मालकीण

युरोपातील एका संग्रहालयाच्या कार्यशाळेत मी प्राचीन रंगीत लाकडाच्या जतनाचे काम करते. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आलेली शवपेटी प्राचीन इजिप्तमधल्या थीब्ज शहराची, तिथल्या एकविसाव्या राजवंशाच्या काळातील (इ.स.पू. सुमारे १०६९ ते ९४५) आणि पिवळ्या रोगणाची होती. नोंदवहीत ‘पुरुषाची’ असे लिहिले होते आणि झाकणावरच्या वळलेल्या मुठीही तेच सांगत होत्या, कारण त्या काळी स्त्रीचे हात उघड्या पंजांचे दाखवत.

उजव्या मुठीलगतची सुटलेली खपली सरसाने बसवताना भिंगाखाली दिसले, की मुठीभोवती पसरलेल्या बोटांच्या आकाराची जागा नंतर लिंपून भरली आहे. तिथे पूर्वी उघडा पंजा होता.

दुपारी खोलीत अंधार करून मी शवपेटीवर तांबडा प्रकाश टाकला आणि केवळ अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने नावाच्या पट्टीची छायाचित्रे घेतली. तांबे, चुना आणि वाळू एकत्र भाजून केलेला इजिप्शियन निळा रंग अशा छायाचित्रात पांढराशुभ्र चमकतो, त्यामुळे खरवडल्यानंतर लाकडाच्या रेषांत अडकलेला कणसुद्धा लपत नाही. ही तपासणी मला फार प्रिय आहे. त्या पुरुषाच्या नावामधून टोपलीचे आणि घराचे चिन्ह उजळले : ‘घराची स्वामिनी’. पुढचे नाव मात्र पार खरवडलेले होते.

लाकडाची टंचाई आणि राज्याचा ओसरता खजिना यांमुळे त्या काळात जुन्या शवपेट्या सर्रास पुन्हा वापरल्या जात. याला मी चोरी म्हणणार नाही. कदाचित हे तिच्याच वंशजांनी केले असेल. पण ज्या श्रद्धेत नाव हा माणसाचाच एक भाग होता आणि नाव पुसणे म्हणजे त्याचे मरणोत्तर अस्तित्वच पुसणे होते, त्या श्रद्धेच्या कारागिराने तिचे नाव खरवडताना काय विचार केला असेल? त्याने पंजे बदलले, पण छातीवर पंख पसरलेल्या नूतला, म्हणजे मृतांना कुशीत घेणाऱ्या आकाशदेवीला, हात लावला नाही. ‘हे माते नूत, माझ्यावर पसर’ ही विनवणी आधी त्या स्त्रीची होती. पुढे ती त्या पुरुषाची झाली.

वरिष्ठांनी दालनातला फलक बदलला नाही. दोन मालकांमुळे प्रेक्षक गोंधळतात, असे त्यांचे म्हणणे. प्रेक्षकांना इतके कमी लेखणे मला पटत नाही. अहवालात मी लिहिले : ‘पहिली मालकीण, घराची स्वामिनी, नाव खरवडलेले.’ त्या जागेत चार-पाच चिन्हे मावली असती. ते छायाचित्र मोठे करून मी अजूनही उरलेले ठिपके जुळवून पाहते.