मागे, माघारी आणि मग्गम

सोलापुरात दोन माग आहेत. एकावर चादर विणतात, दुसरा काढतात.

‘मागे’ हा शब्द आला काढायच्या मागातून. संस्कृत मार्ग, प्राकृत मग्ग, मराठी माग: वाट किंवा वाटेवरची खूण. चोराचा माग, मागोवा, मागमूस, सगळे याच घरातले. ‘मागे’ हे त्या मागाचंच विभक्तिरूप. पुढच्याच्या पाऊलखुणांवर जो चालतो तो मागे. मुळात या शब्दात पाठ नाहीच. ती हवी असली की मराठी वेगळी जोडते, पाठीमागे.

चादरीचा माग परक्या घरचा. कन्नडात मग्ग, तेलुगूत मग्गम. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांचा तो रोजचा शब्द. प्राकृत मग्ग आणि कन्नड मग्ग उच्चाराला एक, नात्याला काहीच नाही, हे मला फार सुंदर वाटतं.

माघारी म्हणजे मागे नव्हे. गाडी मागे घेतली तर तिचं तोंड तिकडेच राहतं. माघारी वळवली तर तोंड फिरतं आणि आलेली वाट पुन्हा लागते. माघार घेतात, पिछेहाट होते. पहिलीत आपला निर्णय असतो, दुसरीत नसतो. पिछेहाट हिंदीच्या पीछे आणि हटना यांतून आलेली. बातम्यांत या दोघींची सर्रास अदलाबदल होते, ती टाळावी.

आता मागावरचं मागे जाणं. बाणा, म्हणजे कापडातला आडवा धागा, तुटला की यंत्रमाग थांबतो, पण तोवर तो धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याचे एखाद-दोन फेरे रिकामे गेलेले असतात. हाताने चाक उलटं फिरवून तुटका धागा पडला तो फेरा उघडायचा, धागा ओढून काढायचा, धोट्यात धागा भरलेली कांडी घालायची. मग कापड गुंडाळणाऱ्या दातेरी चाकाचा खटका उचलून ते तेवढंच मागे सोडायचं. हे विसरलं तर कापडात आडवी विरळ पट्टी राहते. जास्त सोडलं तर तिथे दाट, कडक रेघ उठते. चादर जॅकार्डची, म्हणजे भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी उठवणाऱ्या मागावरची, असेल तर त्या पत्त्यांची माळही तेवढेच फेरे मागे आणावी लागते, नाहीतर मोराचा पिसारा मधेच पायरी तुटल्यासारखा सरकतो. चादर धुतली तरी ती पायरी जात नाही.