घरीच असून

हवामानबदलावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर संपत आलं होतं. मागची शब्दसूची तेवढी बाकी होती. एका दिवसाचं काम, असं धरून सकाळी छपाईपूर्व कामाच्या कार्यालयात जाऊन बसले.

'क्लायमेट इमर्जन्सी' हा ऑक्सफर्ड शब्दकोशाचा २०१९चा 'वर्षाचा शब्द'. त्याला 'हवामान आणीबाणी' लिहिलं, तरी हात जरा थबकलाच. आपल्याकडे आणीबाणी म्हटलं की १९७५च आठवतं. २०१९मध्येच कॉलिन्स शब्दकोशाने निवडलेला 'क्लायमेट स्ट्राइक' मात्र चटकन जमला: 'हवामान संप'. संप आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग आला 'सोलास्टॅल्जिया'. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी तो २००३मध्ये घडवला. न्यू साउथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणी पसरत गेल्या. सुरुंगांचे हादरे, घरभर धूळ, ओळखीच्या टेकड्या नाहीशा. लोक कुठे गेले नव्हते, घरीच होते, तरी गाव गमावल्यासारखे झुरत होते. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घडवला, तो घरापासून लांब गेलेल्यांच्या दुखण्यासाठी. अल्ब्रेक्टना हवा होता तो न हललेल्यांसाठी. पुढे दुष्काळ, वणवे, वितळता बर्फ यांच्या संदर्भातही तो वापरला जाऊ लागला.

मी 'पर्यावरणविरह' लिहून मोकळी झाले होते. मुद्रितशोधक काकांनी त्यावर लाल प्रश्नचिन्ह काढलं. "विरहात ताटातूट असते. इथे माणूस जागेवरच आहे ना?" बरोबर होतं त्यांचं. 'स्वस्थानशोक', 'गृहार्ती'... दुपारपर्यंत पान खोडाखोडीने भरलं. एकही शब्द कुणाच्या तोंडी बसेल असा नव्हता.

अक्षरजुळणी करणारी मुलगी अलिबागकडची. तिला खाणींची हकिकत सांगितली. तिने कीबोर्डवरचे हात काढले.

"आमच्याकडे बांध फुटला ना ताई, खाडीचं पाणी शेतात शिरलं. भात गेलं, आता तिवरं उभी आहेत. आई ओट्यावर बसते, पण शेताकडे पाठ करून. घर तेच आहे, पण तिला करमत नाही. मी म्हटलं, माझ्याकडे येऊन राहा. तर म्हणते, तिथे तरी कुठे करमणार?"

करमत नाही. रोज दहादा तोंडात येणारं क्रियापद, आणि मी संस्कृत कोश उपसत बसले होते! मी तिला तिच्या आईविषयी आणखी विचारत राहिले. कामाचं भान दोघींनाही नव्हतं. पाठमोरी बसलेली ती बाई अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

संध्याकाळी 'सोलास्टॅल्जिया'पुढे लिहिलं: 'आपल्याच गावात, घरीच असून करमेनासं होणं'. काकांनी वाचलं आणि लाल पेनाला टोपण लावलं. सूचीतले बाकीचे अर्थ एका ओळीत बसत होते, हा दुसऱ्या ओळीवर गेला. मुलीने अक्षरांचा आकार कमी न करता खालच्या सगळ्या ओळी एकेक करून सरकवल्या.