केमोनंतर ताप आला की पहिला तास

केमोच्या वॉर्डात काम करून तारखा मोजायची सवय लागते. बहुतेक औषधांत डोसनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि फोन नेमके तेव्हाच येतात: "जरा कसकस होती, पॅरासिटामॉल दिलीय. सकाळी आणू का?" सकाळी नाही, आत्ताच निघा. तोंडात मोजलेला ताप एकदा जरी 101 फॅरनहाइट झाला, किंवा 100.4 तासभर टिकला, तरी ती इमर्जन्सी. गोळीने आकडा उतरतो, जंतू रक्तातच राहतात. स्टेरॉइड चालू असेल तर कधी ताप चढतही नाही. तेव्हा हुडहुडी, धाप, असंबद्ध बडबड, कमी झालेली लघवी यांवरून ओळखायचं.

पेशंट दारात आल्यापासून साठ मिनिटांत पहिलं अँटिबायोटिक शिरेत गेलं पाहिजे. हा तास कशात जातो ते पुष्कळदा पाहिलंय: सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट, एक्स-रे, बेड, वरच्या डॉक्टरांचा फोन. यातल्या कशासाठीही थांबू नये. थांबायचं फक्त कल्चरसाठी, म्हणजे रक्तात जंतू वाढतो का ते तपासायला रक्त घेण्यासाठी, तेही काही मिनिटं. बाटल्यांचा एक सेट पोर्टमधून (केमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेली, मोठ्या शिरेत जाणारी नळी), दुसरा हाताच्या शिरेतून, एकाच वेळी; प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त. इथे हात आखडतो. "आधीच हिमोग्लोबिन कमी" म्हणून 3 मिलीवर भागवतात आणि जंतू निसटतो. बाटलीवर जागा लिहायचीच. पोर्टची बाटली दुसरीच्या दोन तास आधी पॉझिटिव्ह आली, म्हणजे तिच्यात जंतू आधी दिसले, तर संशय पोर्टवर जातो. जागाच लिहिली नसेल तर हा हिशेब मांडणार कसा?

मग अँटिबायोटिक: पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम 4.5 ग्रॅम किंवा सेफेपीम 2 ग्रॅम, अॅलर्जी आणि जुने कल्चर बघून. किडनी बिघडलेली असली तरी पहिला डोस पूर्ण.

रिपोर्ट येतो: पांढऱ्या पेशी 1200, त्यात न्यूट्रोफिल (जंतू मारणाऱ्या मुख्य पेशी) 20 टक्के, म्हणजे 240. पाचशेच्या आत. एवढ्या थोड्या पेशींत पू धरत नाही, छातीचा फोटोही स्वच्छ येऊ शकतो. "इन्फेक्शन कुठेच दिसत नाही" यावर विसंबू नये. गुदद्वारात थर्मामीटर किंवा एनिमा अजिबात नको.

बीपी पडलं किंवा लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की वाढणारं आम्ल) 4 च्या वर गेलं तर पहिल्या तीन तासांत किलोमागे 30 मिली सलाईन. 60 किलोच्या माणसाला 1800. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाने हृदय दुबळं झालं असेल तर 250-250 मिलीने, दर वेळी छाती ऐकून. तरी मीन प्रेशर (सरासरी बीपी) 65 गाठत नसेल तर बीपी चढवणारं नॉरअॅड्रेनलिन. सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घालायच्या नळीची) वाट न बघता हाताच्या चांगल्या शिरेतून सुरू करता येतं.

"कॅन्सरच आहे, आयसीयूत नेऊन काय उपयोग?" हे अजून कानावर येतं. त्या आठवड्यात पेशंट तगतो की नाही, हे कॅन्सर कुठला यापेक्षा किती अवयव निकामी झालेत आणि आधी तो हिंडता-फिरता होता का, यावर जास्त ठरतं. शंका असेल तर तीन-पाच दिवस पूर्ण उपचार द्यावेत, मग फेरविचार.

दुसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून अँटिबायोटिक बदलायची घाई नको. बीपी स्थिर असेल तर कळ काढावी. रक्ताच्या कॅन्सरमध्ये ताप उतरायला पाचेक दिवसही लागतात. चार ते सात दिवस ताप हटला नाही तर बुरशीचा शोध, छातीचा सीटी. आणि पांढऱ्या पेशींचे काउंट वर येऊ लागले की सगळे निर्धास्त होतात, पण नेमकी तेव्हाच फुप्फुसं बिघडू शकतात. ऑक्सिजन मोजणं तेव्हाही चालूच ठेवायचं.