वीस जणांची सरासरी

आज परीक्षणासाठी आलेला एक शोधनिबंध वाचताना ३.४७ या सरासरीपाशी अडखळलो, कारण उत्तरदाते वीस आणि प्रत्येकाचे उत्तर १ ते ५ मधील पूर्णांक असेल, तर पूर्णांक बेरजेला वीसने भागल्यावर सरासरी ०.०५ च्या टप्प्यांनीच बदलते; ती ३.४५ किंवा ३.५० येईल, मधली येणारच नाही. लबाडीच असेल असे नाही; एकाने प्रश्न सोडला असेल, तर ६६ भागिले १९ म्हणजे ३.४७ येते (तेही करून पाहिले). मात्र निष्कर्ष माझ्या मताविरुद्ध होता म्हणूनच मी कॅल्क्युलेटर हाती घेतला, हे कबूल केले पाहिजे, कारण गेल्या महिन्यात मनासारखा निष्कर्ष मांडणारा निबंध मी एकही तक्ता न पडताळता मान्य केला होता. मूळ विदा (डेटा) मागवावी, असे संपादकांना कळवले आहे, आणि आता तो जुना निबंध उघडून बसलो आहे.